पुढच्या आसाखालच्या मुंग्या

१

सिंदफणेच्या वाळूतून वर चढता चढता संघाचा पाण्याचा ट्रक कडाडला, पुढची चाकं जागच्या जागी आवळली आणि भरल्या टाकीसकट तो काठावरच बसला. सावरमाळ गावावर हा दुष्काळात तेरावा महिना. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. गावच्या विहिरींचे तळ ठणठणीत कोरडे पडलेले, आणि पाणी उरलं होतं ते नदीच्या पात्रात खणलेल्या एका झिऱ्यात. तिथवर बैलगाडी न्यावी तर बैलच राहिले नव्हते, आणि साधा ट्रक वाळूत रुतून बसायचा. म्हणून सावरमाळ शेतकरी सहकारी संघानं मिलिटरीच्या लिलावातून हा जुना ट्रक घेतला होता. मागच्या चाकांसारखाच पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळायचा, त्यामुळं वाळू त्याला अडवू शकत नव्हती.

संघाचा मेकॅनिक शहादेव यानं पुढच्या आसाच्या मधला गोळा, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो उघडला. इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दोन दातेरी चाकं, मोठं क्राऊन आणि लहान पिनियन, त्यात असतात. त्यांचे दात मोडून तळाशी पडले होते. ऑइलचा थेंब दिसेना. होती ती नुसती काळी, करपलेली खरपुडी.

"ऑइल काडून इकलं," संघाचे सेक्रेटरी बद्रीनाथ यांनी तिथंच निकाल देऊन टाकला. "अन् दुसरं कोन इकनार? गाडी ड्रायवरच्या ताब्यात."

ड्रायव्हर मुंजाजी शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. चेअरमन मात्र जरा सबुरीचे. ते म्हणाले, परवा मीटिंग घेऊ, तोवर बीडहून बसवराजअण्णांना बोलवा. त्यांनी चोर दाखवला तर ठीक, नाही तर मुंजाजीची नोकरी गेली आणि वर पोलिसात चोरीची फिर्याद.

बसवराजअण्णांचं बीडच्या बशीरगंजात मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान. माणूस लिंगायत, कपाळाला भस्म, आणि कान असा तिखट की गाडी दुकानासमोर थांबायच्या आत तिचं दुखणं सांगायचे. त्यांना तसं सांगायला आवडायचंही. चार माणसं भोवती गोळा झाली की अण्णांना निदान जास्तच चांगलं सुचतं, असं त्यांची बायको नीलाबाई म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती.

पण या वेळी ते आले ते कौतुकासाठी नाही. मागच्याच महिन्यात मुंजाजीनं हा ट्रक त्यांच्या दारात आणला होता. ॲक्सिलेटर दाबला की पुढून कण्हल्यासारखा आवाज, पाय काढला की गप्प. वळणावर टकटक नाही. अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं, की वाळूनं पुढचं ऑइल सील खाल्लंय, ऑइल गळतंय आणि पिनियनचं बेरिंग कोरडं पडतंय. सील पुण्याहून मागवावं लागणार होतं. "तोवर रोज ऑइल घालत जा," ते म्हणाले होते, "पण गाडी उभी करू नको. गाव तान्हेलं मरंल." मुंजाजीवर चोरीचा आळ आलाय हे कळल्यावर त्यांना ते आपलेच शब्द आठवले, आणि जेवण तसंच टाकून ते निघाले.

संघाच्या आवारात ओढून आणलेल्या ट्रकखाली ते वाकले. मागच्या आसाखाली नेहमीचा काळा तेलकट डाग होता. पुढच्या आसाखाली वेगळाच. त्या डागाभोवती मुंग्यांनी फेर धरला होता, आणि एक रांग थेट उघड्या गोळ्यात चढली होती.

गिअर ऑइलला मुंगी लागलेली अण्णांनी जन्मात पाहिली नव्हती.

२

बद्रीनाथ टेबलामागं बसले होते. त्यांच्या मेव्हण्याचा स्वतःचा पाण्याचा टँकर होता, आणि संघाचा ट्रक बसल्या दिवसापासून तो घागरीमागं पैसे घेऊन पाणी विकत होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बद्रीनाथांसमोर कुणी बोलत नव्हतं.

"मुंजाजीनं ऑइलचा डबा मागितलता का तुमाला?" अण्णांनी विचारलं.

"मागितलता की. म्या म्हनलं, मीटिंगमदी मंजूर व्हऊ दे, मंग घे."

"म्हंजी दिला न्हाई."

"आवो, सहकाराचा कारभार हाय अण्णा. उद्या ऑडिटवाला माझ्या छाताडावर बसंल."

"मंग जे दिलंच न्हाई ते त्यानं इकलं कसं?"

बद्रीनाथांचा चेहरा जरा उतरला. पण गडी मुरलेला होता. "आतलं इकलं आसंल. अन् मला तर वाटलं, ऑइलची गरजच न्हाई. चांगले आठ-दहा दिवस गाडी गपगार चालत व्हती. कन्हनं न्हाई, कुथनं न्हाई. इचारा कुनालाबी."

अण्णांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. ते उठून उभे राहिले. कोरडं पडलेलं बेरिंग आपणहून कधी गप्प होत नाही. दिवसेंदिवस त्याचा आवाज वाढतो, आणि एक दिवस ते तुटतं. हे गप्प झालं होतं, म्हणजे कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं. आणि ट्रकाचं तोंड बंद करण्याची विद्या या संघात एकाच माणसाला येत होती.

३

"व्हय, मला येतं," शहादेव म्हणाला. तो हात पुसत होता, पण त्याची पाचावर धारण बसली होती. "जुनी गाडी इकायची आसली की गोळ्यात लाकडाचा भुसा टाकायचा. दातात भुसा बसतो, आवाज मरतो. गिऱ्हाइकाला वाटतं, गाडी कोरी हाय. पर अण्णा, लेकराची आन, ह्या गाडीत म्या टाकला न्हाई."

"आन कशाला घेतो बे? पानी सांगंल."

समोरच्या हॉटेलातून त्यांनी अर्धा पेला कढत पाणी मागवलं. त्या दिवसांत अर्धा पेला पाणी मागायलाही माणसाला लाज वाटायची. गोळ्यातली खरपुडी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडली, पेल्यात टाकली आणि ढवळली. भुसा असता तर वर तरंगला असता. करपलेलं ऑइल असतं तर पाण्याला जुमानलं नसतं. पण खरपुडी हळूहळू विरघळली आणि पाणी तांबूस झालं. तळाशी लोखंडाचा चुरा बसला, आणि वर आला तो पिवळट तेलाचा पातळ तवंग. अण्णांनी बोट बुडवून वास घेतला. तो मोटारीच्या तेलाचा वास नव्हता. तो स्वयंपाकघरातला वास होता.

"भुसा न्हाई," ते म्हणाले. "तू सुटलास."

मग अण्णांनी गोळ्याच्या बाजूला असलेलं ऑइल भरायचं भोक पाहिलं. त्यात बोल्टाच्या जागी बाभळीची खुट्टी होती.

"बोल्टाचे आटे गेलते," शहादेव म्हणाला. "मुंजाजीच खुट्टी ठोकायचा, चिंधी गुंडाळून. पर ही चिंधी त्याची न्हाई. त्याची काळीकुट्ट व्हती."

ही चिंधी मऊसूत जुन्या धोतराची होती, नीट दुमडून बांधलेली. आणि काळ्या डागांमधून तिचा रंग अजून दिसत होता. पिवळा. अण्णांनी ती हुंगली. हळद होती.

वाईट करायला आलेला माणूस असा नसतो, हे अण्णांच्या मनात तेव्हाच आलं. ज्याला गाडी मारायची आहे त्याच्यासाठी नदीभर वाळू पडली होती, मूठभर टाकली असती तरी काम झालं असतं. हा माणूस हळद घेऊन आला होता, आणि जाताना जखम बांधावी तशी खुट्टी बांधून गेला होता.

"मुंजाजीचं घर कोनतं?" अण्णांनी विचारलं.

४

मुंजाजीच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, घोंगडी टाकली आणि तांब्यात तळाशी होतं तेवढं पाणी पुढं केलं. अण्णांनी ओठ ओले करून तांब्या परत दिला.

मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. "गाडीत काय घातलंस?" या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं. "तेल मीच काडलं आसं लिवा. चोरी लावा, काय बी लावा. मला काय म्हनायचं न्हाई."

"कावून? काडलं न्हाईस, तर कावून म्हनतोस?"

अण्णांना राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, पण हा संन्यासी तर फास स्वतःच गळ्यात घालून घेत होता.

बाहेर रिकाम्या गोठ्यापाशी मुंजाजीचे वडील बसले होते. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. संघाचा ट्रक गावात आला की पहिली घागर आप्पांची, हा मान गावानं त्यांना आपणहून दिला होता, कारण ते ट्रकाच्या बोनेटवरून हात फिरवल्याशिवाय पाणी घेत नसत. अण्णांना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"तुमीच का ते बीडचे अण्णा? मुंजा सांगायचा, अण्णा म्हनले रोज तेल घाला. बरं केलं आलात. लई कन्हत व्हतं वो बिचारं. आमचा पवळ्या कन्हायचा ना वज्याखाली, तसंच. पवळ्याला नेकनूरच्या बाजारात इकला मागल्या सालाला. हे बी आमचंच जनावर. सगळ्या गावाचं पानी एकटं वढतंय."

अण्णा काही बोलायच्या आत त्यांची नजर गोठ्याच्या छपराकडे गेली. पाचटात एक बांबूची नळी खोचली होती, तोंड तिरपं कापलेली. थकल्या बैलाच्या घशात औषध ओतायला शेतकरी वापरतात तसली. नळी धुतलेली होती. तरीही तिच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती.

अण्णांनी मागं वळून पाहिलं. दारात मुंजाजी उभा होता, आणि अण्णांनी काय पाहिलं ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं जवळ येऊन आवाज अगदी खाली आणला.

"अण्णा, पाया पडतो. हितं बघितलं ते हितंच ठिवा. आप्पाला वाटतंय, त्याच्यामुळं गाडी तेवढे दिवस जास्त चालली."

५

मीटिंग संघाच्या गोदामात भरली. सरकारनं वाटायला पाठवलेल्या लाल मिलो ज्वारीच्या पोत्यांची थप्पी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सतरंजीवर संचालक मंडळ. अण्णा रात्रभर विचार करून आले होते. नाव घ्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. चोरी झालीच नाही हे सिद्ध करायचं, मुंजाजीला सोडवायचं आणि गप्प बसायचं.

सुरुवात त्यांनी चांगली केली. सील कसं गेलं, ऑइल कसं गळलं, डबा कसा मिळाला नाही, हे सांगितलं. बद्रीनाथ चुळबुळले. मग पेल्यातलं पाणी, मुंग्या, हळद. माणसं पुढं सरकली, कुणी "अरे वा" म्हणालं, आणि अण्णांचा आवाज नकळत चढला.

"गोळ्यात व्हती काकवी. करडीच्या तेलात कालवलेली, वरून हळद. आपल्या मुलखात हे कुनाला देतात? दमलेल्या बैलाला! घट्ट काकवी दातांत बसली म्हनून आवाज मेला, भुशानं मरतो तसा. पन बेरिंग तापलेलंच व्हतं. कढईखाली जाळ चालू ठिवला तर काकवीचं काय व्हतं? पाक व्हतो, मंग गूळ व्हतो, मंग करपतो. करपला, अन् दात मोडले. ही चोरी न्हाई. ही माया हाय."

"माया!" बद्रीनाथ हसले. "गोष्ट झ्याक हाय, अण्णा. पर मायेला नाव न्हाई का? नाव सांगा, न्हाईतर ही तुमची अन् मुंजाजीची मिलीभगत. चेअरमनसाहेब, फिर्याद लिवा."

चेअरमन अण्णांकडे बघू लागले. मुंजाजीनं हात जोडले. तो मान हलवत होता, आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा पोत्यांच्या थप्पीकडे जात होती. अण्णांना ते दिसलं, पण कळलं नाही. ज्यांना इंजिनातला कोपऱ्यातला खडखडाट कळायचा, त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, पोराची नोकरी जाते आहे आणि तो वेड्यासारखा मला अडवतो आहे.

"नाव पायजे? घ्या," ते म्हणाले. "गाडी कन्हते हे ज्याला सोसवलं न्हाई, अन् घरात बैलासाठी ठिवलेली काकवी ज्याच्याकडं बैल गेल्यावर तशीच राह्यली, तो मानूस. मुंजाजीचा बाप. आप्पानं हातानं घातलं, अन् त्यानंच गाडी मेली."

मग थप्पीच्या मागून काठी टेकल्याचा आवाज आला.

आप्पा तिथंच बसले होते. पोराच्या बाजूनं दोन शब्द सांगावेत म्हणून सकाळीच येऊन बसले होते, पण संचालकांसमोर यायला संकोचले होते. ते हळूहळू पुढं आले. त्यांनी बद्रीनाथांकडे पाहिलं नाही, चेअरमनकडे पाहिलं नाही. ते अण्णांसमोर थांबले.

"म्हंजी माझ्यानंच मेलं व्हय ते?"

अण्णा घाईनं म्हणाले, "आप्पा, सील आधीच गेलतं. ऑइल मिळालं न्हाई. दोष सगळ्यांचा..."

"न्हाई, न्हाई. तुमी आत्ता सांगितलंत ना. बरोबरच आसंल." आप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, बरं वाटलं त्याला. गप झालं ना, म्हनून वाटलं."

मुंजाजी पुढं होऊन त्यांना धरायला गेला. आप्पांनी त्याचा हात बाजूला केला आणि ते एकटेच बाहेर गेले. चेअरमननी फिर्यादीचा कागद फाडला. मुंजाजीची नोकरी राहिली. ऑइल अडवून धरल्याबद्दल बद्रीनाथांना मंडळानं फैलावर घेतलं. अण्णांनी जे जे मिळवायचं ठरवलं होतं, ते सगळं मिळालं.

६

दुरुस्ती अण्णांनी स्वतः केली आणि मजुरी घेतली नाही. क्राऊन-पिनियनची जोडी नगरच्या भंगारातल्या तशाच एका गाडीतून आणली. बेरिंगं नवी घातली. पुण्याहून आलेलं सील बसवलं, भोकाला नवे आटे पाडून खरा बोल्ट लावला. दातांना शेंदूर लावून चाक फिरवून पाहिलं. शेंदराचा ठसा दाताच्या मधोमध पडला तरच जोडी जमली असं समजतात. पहिल्यांदा ठसा कडेला पडला. अण्णांनी पुन्हा सगळं उघडलं, बेरिंगखाली पातळ पत्र्याची चकती घातली, पुन्हा शेंदूर लावला. शहादेव म्हणाला, चालंल की अण्णा. अण्णा म्हणाले, न्हाई चालनार.

मग मुंजाजीनं ट्रक वाळूतून भरून आणला आणि अण्णा शेजारी बसून कान लावून होते. चढावर जोर दिला, पाय काढला, वळवला. कुठंच आवाज नव्हता. गावात शिरताना मुंजाजीनं भोंगा दिला.

घागरींची रांग लागली होती. पहिली घागर कुणी पुढं करेना. सगळे मुंजाजीच्या घराकडे बघत होते. शेवटी मुक्ताबाई रिकाम्या हातानं आली.

"भरा तुमी," ती बायकांना म्हणाली. मग अण्णांकडे वळली. "आप्पा आता ह्या गाडीचं पानी पीत न्हाईत. सकाळी उठून घागर घेऊन झिऱ्यावर जातात, चालत. म्हनतात, ज्याला मारलं त्याच्या पाठीवरचं पानी कसं पिऊ."

"गाडी बरी झाली म्हनून सांग त्यांना," अण्णा कसेबसे म्हणाले. "आता कन्हत न्हाई म्हनाव."

"सांगितलं. तर म्हनले, मागं बी कन्हत नव्हतं." मुक्ताबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच अण्णांना सोसवेना. "अण्णा, तुमाला लोखंडाच्या आतलं आयकू येतं म्हनतात. त्या दिवशी माझा नवरा हात जोडून उभा व्हता, तेवढं कसं वो आयकू आलं न्हाई?"

तेवढ्यात रांगेतली माणसं बाजूला झाली. आप्पा नदीकडून येत होते, खांद्यावर घागर, अंगरखा भिजलेला. ट्रकाजवळ आल्यावर ते थांबले. अण्णांना वाटलं, आता हात फिरवतील. त्यांचा हात उचललाही गेला होता. पण बोनेटपाशी पोचायच्या आत त्यांनी तो मागं घेतला, धोतराला पुसला, आणि ट्रकाला वळसा घालून ते घराकडे निघून गेले.

इंजिन चालूच होतं. अण्णा सवयीनं कान देऊन उभे होते. पुढचा आस अगदी गप्प होता.